मेथी आणि भुतं

टीव्हीवर भयकथांची एक मालिका लागते, दर भागात नवी गोष्ट आणि नवं भूत. एका वेबसाइटसाठी मी तिची परीक्षणं लिहिते. केडगावच्या आमच्या घरात मी ते भाग भरदुपारी बघते, कारण त्या वेळी आई शेजारी मेथी निवडत असते आणि मला तिचे हात बघायचे असतात. बाकीचे परीक्षक कॅमेरा, संगीत असलं काय काय लिहितात. लिहोत बापडे! आईचे हात चालू राहिले की भाग फसला आणि थांबले की जमला, एवढंच माझं शास्त्र.

आई राहुरीकडची. पडद्यावरच्या माणसांना ती सरळ सुनावते. "दिवा लाव की आधी, मंग वरड," असं एका नायिकेला म्हणाली होती. माझं निम्मं लिखाण तिच्या जिवावर चालतं, आणि हे उपकार मला फेडायचेही नाहीत.

परवाच्या भागात एका विधवेच्या दारावर तिचा मेलेला नवरा थाप मारतो. ती कडीवर हात ठेवते, पण कडी काढत नाही. मी पाय वर घेऊन बसले. बाजूला बघितलं, तर आईचे हात थांबलेले. म्हटलं, जमला भाग.

तेवढ्यात आई त्या बाईला म्हणाली, "उघड की गं. उपाशी आसंल त्यो."

बाबा गेल्यापासून आमच्याकडे रोज एक भाकरी उरते. मी समजत होते, आईचा पिठाचा अंदाज चुकतो.