मयताचा घरचा पत्ता

मृत्यू-नोंदणीच्या खिडकीमागे बाई एकोणीस वर्षं बसत होत्या. एवढ्या वर्षांत पेन कधी अडखळलं नव्हतं. ते अडखळलं धाकट्या जावेच्या नावापाशी. मलेरिया मेंदूत गेला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. पत्त्याच्या रकान्यात सरकारी दवाखाना लिहिलेला होता.

"ही काय दवाखान्यात राहायची?" त्यांनी शेजारच्या कारकुनाला विचारलं.

"जीव जिथे गेला तो पत्ता. पहिल्यापासून असंच आहे."

म्हणूनच धूरफवारणी दरवर्षी दवाखान्याच्या आसपास व्हायची! मलेरियाचे सगळे मृत्यू कागदावर तिथलेच.

बाईंनी पदर खोचला. सहा वर्षांचे अर्ज काढले, मागच्या पानावरचे घरचे पत्ते शोधले आणि जेवणाच्या सुट्टीत नकाशावर एकेक टाचणी टोचत गेल्या. महिनाभर डबा तसाच घरी परतत होता. एकेचाळीस टाचण्यांपैकी एकोणतीस बंद कापडगिरणीमागच्या तीन गल्ल्यांत निघाल्या. दीराचं घरही तिथलंच. तारखा पाहाव्यात, तर बहुतेक पाऊस ओसरल्यानंतरच्या दोन महिन्यांतल्या. फवारणी मात्र ऐन उन्हाळ्यात!

फवारणीचं काम बघणाऱ्या साहेबांपुढे त्यांनी नकाशा आणि तारखांचा कागद ठेवला. साहेब म्हणाले, "बाई, तुमचं काम शिक्का मारायचं."

"शिक्का मीच मारते, म्हणून तर मला दिसलं."

कागद बाजूला सारला गेला. बाई पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही.

"आला सोमवारचा ताप," शिपाई हसायचा.

मग एके दुपारी त्या दीराला घेऊन गिरणीच्या पडक्या भिंतीतून आत शिरल्या. कापड रंगवायचे जुने हौद पाण्याने तुडुंब, आणि त्यात अळ्या नुसत्या वळवळत होत्या. दीराने पिशवीतली रिकामी बाटली पुढे केली. बाईंनी बाटली भरली आणि सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"झाकण उघडू?"

"नको, नको! चला, मी येतो बघायला."

हौद बुजवले गेले. फवारणी पाऊस ओसरताच, त्याच गल्ल्यांत होऊ लागली. पुढच्या वर्षी तिथले तीन जण मलेरियाने गेले, त्याच्या पुढच्या वर्षी एकच.

"वहिनी, आता तरी दम खा," दीर म्हणाला.

"एक गेलाच ना?" बाई म्हणाल्या, आणि त्या एकाच्या घराभोवती पाणी कुठे साचतंय ते बघायला निघाल्या. दीरानेही पायात चपला सरकवल्या.