मामाजींना थांबवताना

चालत्या व्हिडिओला कुठंही थांबवा, चांगला शहाणा माणूसही खुळा दिसतो. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटत आलेला, हात भलतीकडंच. माझ्या लग्नाच्या सीडीत मी स्वतः इतक्या वेळा अशी दिसले, की या लोकांनी आपल्याला पसंत तरी कसं केलं, असा प्रश्न मला इतक्या वर्षांनी पडला. पण त्या दुपारी आम्ही मला शोधत नव्हतो. माझ्या सासऱ्यांना, मामाजींना शोधत होतो.

मामाजी जाऊन वर्ष होत आलं होतं. थंडीत तापाचं निमित्त झालं आणि गेले. वर्षश्राद्धाला पाटावर ठेवायला आणि मग भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा होता, आणि घरात तो नव्हता. फोटोचं नाव काढलं की त्यांना नेमकं शेतात काम निघायचं. मतदानाच्या कार्डावर एक होता, त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसत. माझ्या नवऱ्यानं तोच धाड गावातल्या एका स्टुडिओत मोठा करायला दिला. स्टुडिओवाल्यानं हौसेनं काम केलं. गाल गुलाबी केले, केस काळे केले आणि गळ्याखाली कोट-टाय चढवला. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तो फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"हा कोन सायेब आनला रे?" त्या म्हणाल्या.

"आई, आजकाल सगळेच असा करतात," नवरा म्हणाला. आईंनी फोटो उपडा करून फडताळात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता त्या मला म्हणाल्या, "पोरी, एक सांगू? माह्या डोयासमोर त्यायचा चेहराच येत नाही. आवाज येते, चाल येते. चेहरा नाही येत."

दुःखात असं होतं, असं काहीतरी मी बोलून गेले. त्यांनी मान हलवली. "दुःखाचं नाही वं. म्या धड पाह्यलाच कुठं? घरात सासरा होता, त्यायचे मोठे भाऊ, भासरे होते. पदराखालून त्यायचे पाय तेवढे दिसत. पुढं सारे गेले, पन सवय पडली ते पडली." तव्यावरची भाकरी उलटून त्या पुढं म्हणाल्या, "आता थो सायेब भिंतीवर लावसान, तं मले पुढं थोच सायेब आठवीन."

मला राग आला. कुणाचा, ते मात्र कळेना. एका घरात जन्म काढायचा आणि नवऱ्याचं तोंड नीट पाहायचं नाही, ही कसली रीत? पण राग धरून भागणार नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढून माणूस सरकत चालला होता आणि तिथं कोट-टायवाला येऊन बसायच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

मी माहेरची बुलढाण्याची. लग्नाआधी कॉम्प्युटर शिकले होते आणि सासरी पुढच्या खोलीत गावातल्या मुलींचे वर्ग घेत होते. त्यामुळं लग्नाची सीडी आठवली ती मलाच. दुपारी लाइट आल्यावर आईंना खुर्ची दिली, नवरा मागं उभा राहिला आणि मी सीडी लावली. मामाजी दिसताच चित्र थांबवलं. पडद्याचा फोटो घ्यायची जी कळ मी मुलींना ऐटीत शिकवायचे, ती दाबली आणि कोऱ्या पानावर चिकटवलं. खिडकीची चौकट आली, खालची बटणं आली, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा आलं. मधोमध, जिथं मामाजी हवे होते, तिथं काळाकुट्ट चौकोन.

"हे तं अजूनच गेले," आई म्हणाल्या. आम्ही तिघंही हसलो.

बराच वेळ डोकं खाजवल्यावर सापडलं. व्हिडिओ चालवणाऱ्या प्रोग्रामच्याच मेनूत चित्र उचलून ठेवायची सोय होती. तिथून घेतलं की नीट यायचं. मग मी सीडी पुन्हा सुरुवातीपासून लावली.

आमचं लग्न नवरदेवाच्या दारी लागलं. बीटी कापसाचं बियाणं आल्यानंतरचं ते भरभरून पिकलेलं साल होतं. भाव मात्र पडलेला, म्हणून मामाजींनी कापूस विकला नव्हता. मधल्या खोलीत तो पार आढ्यापर्यंत भरून ठेवला होता, आणि त्याच घरात लग्न. बिड्या ओढणारे दोनशे पाव्हणे आणि त्यात व्हिडिओवाल्याचा तो तापलेला, डोळे दिपवणारा दिवा. त्यामुळं मुलाच्या लग्नात मामाजींनी केलं काय, तर दिवसभर कापूस राखला. सीडीत ते प्रत्येक वेळी कुणाच्या तरी हातातली बिडी विझवायला निघालेले दिसत. थांबवावं तर पाठ, नाहीतर फेट्याचा शेमला.

शेवटी नवऱ्याला एक जागा सापडली. मांडवात अक्षता टाकून मामाजी जरा उभे होते. फेटा नीट, ओठांवर हसू. "आई, हा घे. कसे शांत दिसू राह्यले."

आईंनी निरखून पाहिलं. "हा पाव्हना दिसते," त्या म्हणाल्या.

नवरा वैतागला. वैतागायला मीही लागले होते, खोटं कशाला सांगू. पण पुढं चालू ठेवलं. कॅमेरा मांडवातून घरात शिरला, मधल्या खोलीच्या दाराशी आला, आणि आतून मामाजी सरळ कॅमेऱ्याच्या अंगावरच आले. दिव्याचा सगळा उजेड तोंडावर. कपाळाला आठ्या, उजवा पंजा वर केलेला, मागं कापसाचा पांढरा ढीग. सीडी बनवणाऱ्यानं खालचा सगळा आवाज पुसून वर सनईचे सूर घातले होते, त्यामुळं मामाजी नुसतेच ओठ हलवत होते. पण आई त्यांच्यासोबत बोलल्या, अगदी त्यांच्याच चढ्या सुरात, "लाइट मांगं घे बे! कापूस हाय आत, घर पेटवतं का?"

मी थांबवलं. एकेक चित्र मागं सरकवत, ओठ मिटलेले सापडेपर्यंत गेले आणि चित्र उचलून ठेवलं.

"पुढं नेऊ नको," आई म्हणाल्या. "अस्साच राहू दे."

खुर्ची ओढून त्या पडद्याच्या अगदी जवळ बसल्या. चष्मा पुसला. डोक्यावरचा पदर मागं पडला होता, तो त्यांनी सावरला नाही. तेवढ्यात लाइट गेली आणि टेबलाखालची बॅटरी टीं टीं करू लागली. नवरा म्हणाला, "बंद कर, नाहीतर मशीन खराब होईल." मी बटणाला हात लावला नाही. मशीन माझं होतं. बॅटरी संपून पडदा काळा होईपर्यंत आई त्या माणसाकडं टक लावून पाहत होत्या, आणि काळा झाल्यावरही त्यांनी मान वळवली नाही.

"डावी भिवई तुटेल होती त्यायची," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "मले मालूमच नव्हतं." मग त्या रडल्या. वर्षभरात त्यांना असं मोकळं रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला बरं वाटलं.

फोटो मोठा करताना थोडा फुटला. जवळून पाहिलं तर नुसते चौकोन दिसतात, दोन पावलं मागं सरकावं लागतं. नवऱ्याला हात आणि कापूस कापून नुसता चेहरा ठेवायचा होता. आईंनी साफ नाही म्हटलं. वर्षश्राद्धाला उंद्री गावचे पाव्हणे आले, त्यांनी हात जोडले. "कसा आशीर्वाद देऊ राह्यले, पाहा," म्हणाले. मी तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाले.

पुढं कापसाचं सगळंच बिघडलं. बोंडात गुलाबी अळी शिरली, फवारे वाढले आणि घरात येणारा कापूस घटत गेला. आता मधल्या खोलीत सोयाबीनची पोती असतात, तीही कधी कधी. आढ्यापर्यंत भरलेली ती खोली आमच्याकडं फक्त त्या फोटोत उरली आहे, आणि तिच्या दारात मामाजी उभे आहेत.

फोटोखाली फळी आहे. दिवेलागणीला आई तिथं दिवा लावतात. मी एकदा तो फोटोजवळ सरकवायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला आणि दिवा फळीच्या पार कडेला नेऊन ठेवला. मग डोक्यावर पदर न घेता वर मान करून त्यांनी फोटोकडं सरळ पाहिलं. "घेतला मांगं," म्हणाल्या, "आता वरडू नका."