चिंचेखालची खूण

मंगरूळपीरजवळच्या एका मळ्यातली ती घटना निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही.

धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादात पुतण्याने सख्ख्या काकाच्या डोक्यात फावडं घातलं आणि तो स्वतःच चालत ठाण्यात आला. ठाणे अंमलदाराने दिलेलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "काकाले मारलं मी. माह्या हद्दीतली मोजणीची झेंडी उपटून राह्यला होता." काका दवाखान्यात नेतानाच वारला. गुन्हा नोंदवला, फावडं जप्त केलं. साक्षीदार होते. तपास संपल्यासारखाच होता.

पण जबाब देताना काकू म्हणाली, "साहेब, तो मोजणीवाला चिंचेखाली सोताच म्हने, मशीन जुळून नाही राह्यली. मंग हद्दीचा चुना कायले टाकला त्यानं?"

पुतण्याने खासगी मोजणीदार आणला होता. काठीवर बसवलेलं, उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र त्याच्याकडे होतं. चौकशीत तो एकच धरून बसला, "माझं मशीन बोटभरही चुकत नाही." मी भूमी अभिलेख कार्यालयाला पत्र दिलं आणि पंचांसमक्ष यंत्राची चाचणी घेतली.

आधी उघड्या माळावर, अचूक जागा ठाऊक असलेल्या सरकारी खुणेवर यंत्र ठेवलं. आकडे जुळले. मोजणीदार हसला. मग चिंचेखाली नेलं. काठी जागची हलली नाही, आकडे मात्र सरकत राहिले. दाट फांद्यांतून संकेत नीट पोचत नव्हते आणि पडद्यावर तशी सूचनाही दिसत होती. सरकारी मोजणीदाराने उघड्यावर खुणा घेऊन तिथून फीत लावली. हद्द जुन्या धुऱ्यावरच निघाली.

ठाण्यात आल्यावर खासगी मोजणीदाराने कबूल केलं. "सूचना दिसली होती, साहेब. दोघं भांडून राह्यले होते, मले निघाचं होतं. हातभर फरकानं काय होते, म्हटलं."

त्याचा जबाब दोषारोपपत्राला जोडला. त्या जबाबाने खुनाचं कलम बदलणार नव्हतं. कोठडीत पुतण्याला सांगायला मी स्वतः गेलो.

"म्हंजे काका बरोबर होता?" त्याने विचारलं.

"हो."

"काकूले माहीत हाय?"

"सरकारी मोजणीच्या वेळी ती तिथंच उभी होती."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

रक्ताच्या माणसावर शंका घेणारा यंत्रावर घेत नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढे मोजणीच्या बंदोबस्ताला गेलो की यंत्र आधी माहीत असलेल्या खुणेवर तपासायला लावायचो, झाडाजवळ पुन्हा. मोजणीदार चिडत. मी चिडू द्यायचो. त्या मळ्यात कोणी थोडं थांबलं असतं, तर काका-पुतण्या आजही एकाच विहिरीचं पाणी वापरत असते.