शारजाच्या व्हॅनमधले आमदार

आमदार कुणाचंही नाव दोनदा विचारत नसत. समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरून नाव, गाव आणि घरी कोण कोण असतं एवढं एकदा विचारून घेतलं, की तो माणूस त्यांच्या डोक्यात कायमचा मुक्कामाला यायचा. मला त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर वसईचा नकाशा काढायला लावला. पुढे एकदा ते महिनाभराच्या सुट्टीवरून परत आले आणि बॅग खाली ठेवायच्या आधी विचारलं, "मिस डाबरे, तुमच्या वडिलांच्या केळीत पाणी शिरलं होतं, ते ओसरलं का?" मी स्वतःच ते विसरले होते.

होते ते अमेरिकन. उंच, किंचित वाकलेले, बारा महिने टाय लावणारे. दुबईच्या देरा भागातल्या आमच्या बांधकाम कंपनीत ते इंग्रजी करारनामे तपासायचे आणि मी त्यांची सेक्रेटरी. त्याआधी बारा वर्षं ते तिकडच्या एका बर्फाळ राज्याच्या विधानसभेवर निवडून जात होते. हे मी आमच्या प्लंबरला, गुहागरच्या दत्तारामला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आमदारच की!" तेव्हापासून सगळं ऑफिस, मल्याळी अकाउंटंटसुद्धा, त्यांना आमदार म्हणू लागलं. अर्थ कळल्यावर ते खूश झाले. म्हणाले, "पण मग माझा मतदारसंघ कुठे आहे?"

तो त्यांना कंपनीच्या व्हॅनमध्ये मिळाला. आम्ही सगळे शारजाला राहायचो. मी तिथल्या रोल्ला भागात, वसईच्याच दोन मुलींबरोबर. कंपनीने त्यांना गाडी देऊ केली होती, पण एकट्याने गाडीत बसून काय करायचं, म्हणून ते आमच्यात यायचे. संध्याकाळी दुबईहून निघालं की ट्रॅफिक जॅम ठरलेला. व्हॅन थांबली की ते सीटवर मागे वळून म्हणायचे, "यल्ला, चला, ऑफिस उघडलं. कोण पहिलं?" मागच्या सीटवरची माणसं हिंदी-मराठीत गाऱ्हाणी सांगायची, मी इंग्रजीत सांगायचे आणि आमदार गुडघ्यावरच्या वहीत लिहून घ्यायचे.

दत्तारामची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा सुपरवायझर कंपनीने ठेवून घेतलेला त्याचा पासपोर्ट देईना. साइट पूर्ण होऊ दे, मग बघू, हेच उत्तर. आमदारांनी अर्ज लिहिला, मी टाइप केला आणि तो घेऊन ते मॅनेजरच्या दारात जाऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. तीन दिवस रोज असेच उभे. चौथ्या दिवशी पासपोर्ट मिळाला. दत्ताराम घरी पोचला तेव्हा आई अजून बोलत होती. परत आल्यावर तो त्यांच्या पाया पडायला वाकला, तर ते दचकून मागे सरले. "मला फक्त मत दे," म्हणाले.

मी एकदा त्यांना विचारलं, "सर, इतकं आवडतं तर सोडलंत कशाला?"

त्यांनी गुडघ्यावरची वही मिटली. मग सांगितलं. त्यांच्या गावात नदीकाठी कागदाचा कारखाना होता. त्याच्या सांडपाण्याने मुलं आजारी पडत होती. ते पाणी बंद करायचं बिल विधानसभेत आलं, तेव्हा सगळं गाव म्हणालं, विरोधात मत द्या. यांनी बाजूने दिलं. कारखाना बंद पडला. पुढच्या निवडणुकीत ते पडले. धाकटा भाऊ त्याच कारखान्यात फोरमन होता. त्याने बोलणं टाकलं, ते कायमचं.

"पश्चात्ताप होतो?" मी विचारलं.

"मताचा नाही. मत बरोबर होतं. पण देण्याआधी मी त्याच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. त्याला ते रेडिओवर कळलं."

दोन हजार सालानंतर त्यांची तब्येत उतरली. जिना चढताना थांबू लागले. एक दिवस केबिनचं दार लावून म्हणाले, "मिस डाबरे, एक पत्र घ्या. भावाला." दुसऱ्यांसाठी घडाघडा अर्ज सांगणारा हा माणूस 'प्रिय'च्या पुढे जाईना. मी वही मिटून बाहेर गेले. चार दिवसांनी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं बंद पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते त्याच दुपारी पोस्टात टाकलं. त्यानंतर रोज टपाल आलं की ते आपल्या दारात येऊन उभे राहायचे. मी नाही म्हणून मान हलवायचे. "इन्शाल्ला," ते म्हणायचे आणि आत जायचे. असे सात आठवडे गेले.

एका शुक्रवारी सकाळी ते शारजात, त्यांच्या बिल्डिंगच्या लिफ्टपाशी कोसळले. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सुट्टीचा दिवस, त्यामुळे व्हॅनमधली सगळी माणसं आली. इस्त्रीचे शर्ट घालून, भिंतीला लागून रांगेत उभी राहिली. या वेळी दत्ताराम त्यांच्या पाया पडला. मागे सरायला कुणी नव्हतं.

भावाला फोन मी करायचा, असं ठरलं. तिकडे पहाट होती. मी पाठ केलेली वाक्यं सांगितली.  

मग तो म्हणाला, "मला पत्र मिळालं होतं. उत्तर लिहीत होतो. मला लिहायला वेळ लागतो."

मग त्यानेच विचारलं,

"तो माझ्याबद्दल बोलायचा?"

मी रेडिओचं ते सगळं सांगितलं. आधी घरी यायला हवं होतं, असं ते म्हणाले होते, हेही.

"त्या शेवटच्या निवडणुकीत," तो म्हणाला, "मी त्यालाच मत दिलं होतं. घरात कुणालाच सांगितलं नाही. त्यालाही नाही."

एवढं बोलून तो रडायला लागला, मोठ्याने, लहान मुलासारखा. बारा वर्षं मी आमदारांसाठी दुसऱ्यांचं बोलणं इंग्रजीत सांगत आले होते. त्या दिवशी मला त्या भाषेतला एक शब्द सुचला नाही. त्याचं रडणं थांबेपर्यंत मी रिसीव्हर कानाला धरून उभी राहिले.