सहा ओले लंगोट

“ह्या लंगोटावर घडी कशी?”

बायको बाल्कनीतून एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या रिकाम्या शेतातल्या अकरा म्हशींनी एकदम माना वर केल्या. बारावी बहिरी असावी.

“सांग ना! बाळानं भिजवलेला लंगोट धुतला, पिळला, वाळत घातला, तर त्यावर माझ्या इस्त्रीची घडी राहते? चौपदरी? बघ, अधिकच्या चिन्हासारखी आहे! आणि ह्याच्यावरही! आणि ह्याच्यावरही!”

मी चार महिन्यांच्या मुलीला खांद्यावर घेऊन आत उभा होतो. शर्टावर आंबूस दुधाचा थर होता, तो थापून भाकरी झाली असती.

“गुडगावचं पाणी जड आहे,” मी म्हणालो. “त्यानं घडी जात नाही.”

आजवर मी पुष्कळ थापा मारल्या. काही थापांना लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींवर जेवायला बोलावलं. पण इतकी केविलवाणी थाप मी ना आधी मारली, ना नंतर. दमलेल्या माणसाला नीट खोटंही बोलता येत नाही.

झालं होतं ते असं. मी नॉयडातल्या एका टीव्हीच्या कारखान्यात होतो. आमच्या टीव्हीला लाकडी सरकतं दार असायचं आणि वजन इतकं की तो हलवायचा तर लग्नाचं वऱ्हाड बोलवावं लागे. मग बाहेरचे टीव्ही आले आणि वर्षभरात आमच्या कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं. त्याच सुमारास बायकोला गुडगावात एका परदेशी कंपनीत नोकरी मिळाली. काचेची इमारत, पाणी प्यायला कागदी पेले, सगळे एकमेकांना नावानं हाक मारणारे. म्हणून आम्ही माझ्या आईवडिलांचं करोल बागेतलं घर सोडून इथं आलो. आमच्या सोसायटीत तेव्हा बत्तीस फ्लॅट आणि सात कुटुंबं. बाकी मोर, धूळ आणि पाण्याचे टँकर.

बाळंतपणाची रजा संपली आणि बायको कामावर रुजू झाली. घरी मी आणि मुलगी. पहाटे पाचला उठून बायको हातानं दूध काढायची. पाऊण तास, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. बोटं आखडली की हात झटकायची आणि पुन्हा सुरू. ते दूध स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची आणि आठच्या बसला पळायची. मी ते फक्त बाटलीत ओतून मुलीला पाजायचं. फक्त.

मुलीनं बाटली तोंडात घेतली नाही. निपल ओठाला लागलं की ती मान अशी फिरवायची, जणू मी कारल्याचा रस आणलाय. मग रडणं. त्या रडण्यानं आमच्या सोसायटीचं प्लास्टर पडलं असं मी पुढे बरीच वर्षं सांगत होतो. प्लास्टर आधीच पडलं होतं, पण रडणं तसं होतं खरं.

मी काय काय केलं! पाच तऱ्हेची निपलं आणली. सुई तापवून भोकं मोठी केली. बायकोचा गाऊन अंगात चढवून बसलो. मुलगी गप्प झाली, तिनं गाऊन ओळखला, तोंड उघडलं, मग वर बघितलं आणि मला ओळखलं. असा विश्वासघात कुणाच्याच वाट्याला येऊ नये, तिच्याही आणि माझ्याही. मी खुळखुळा वाजवत पाजलं, गाणी म्हणत पाजलं, म्हशी दाखवत पाजलं, म्हशींच्या आवाजात पाजलं. एक थेंब नाही.

खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटीजी वर येऊन प्रयत्न करून गेल्या. “मेरे तो चारों ने बोतल ऐसे पकड़ी जैसे ट्रक का स्टीयरिंग,” असं त्या म्हणाल्या आणि दहा मिनिटांनी ओढणी पुसत खाली उतरल्या.

फोनही त्यांच्याकडेच होता. आमचा नंबर लागायला वेळ होता. रोज दुपारी एकला बायकोचा ऑफिसातून फोन यायचा, आंटीजी जिन्यात उभ्या राहून पळीनं ताट बडवायच्या आणि मी मुलीला घेऊन खाली धावायचो.

पहिल्या आठवड्यात मी खरं सांगितलं. दोनदा बायको दुपारीच घरी आली, रिक्षानं, घामानं निथळत, आणि मुलीला छातीशी लावून तशीच मटकन खाली बसली. दुसऱ्यांदा तिच्या साहेबानं विचारलं, “हे असंच चालणार आहे का?” अगदी हसून विचारलं म्हणे. ती घाबरली ती त्या हसण्याला.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मी फोनवर सांगायला लागलो, “प्यायली! सगळं प्यायली! ढेकर अशी दिली की आंटीजींचा कुत्रा पळाला!”

आंटीजी माझ्याकडे बघायच्या. माझ्या काखेत मुलगी भुकेनं भेंडाळून पडलेली असायची. “भाईसाहब,” फोन ठेवल्यावर त्या एकदा म्हणाल्या, “हमारे पास तो कुत्ता है ही नहीं।”

आता लंगोटांचं. बाळाच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, चोवीस तासांत सहा लंगोट ओले व्हायला हवेत, म्हणजे पोटात पुरेसं जातंय. बायको संध्याकाळी आल्या आल्या दोरीवरचे लंगोट मोजायची. रात्री आणि पहाटे मुलगी आईकडे भरपूर प्यायची, त्यामुळे तीन तर व्हायचेच. वरचे तीन माझ्या जबाबदारीवर. तेव्हा मी कपाटातले तीन कोरे लंगोट काढायचो, नळाखाली धरायचो आणि दोरीवर टाकायचो. उलगडून चोळायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. घडीसकट भिजवले. बायको दर रविवारी ते गरम इस्त्रीनं दाबून घड्या घालते, हे मी बघत होतो आणि मला दिसत नव्हतं.

“आणि दूध?” लंगोट हातात घेऊन बायकोनं विचारलं. आता ती ओरडत नव्हती. “मी काढून ठेवलेलं दूध कुठे जात होतं?”

मी बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीकडे बघितलं. मे महिन्याच्या त्या वणव्यात अख्ख्या गुडगावात तेवढं एकच झाड हिरवंगार होतं.

तिनंही कुंडीकडे बघितलं. मुलगी माझ्याकडून घेतली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, डॉक्टरीणबाईंनी मुलीला वजनकाट्यावर ठेवलं. काटा पंधरा दिवसांपूर्वी जिथे होता तिथेच थांबला. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. “रात को माँ से पीती है, इसलिए संभली हुई है,” त्या म्हणाल्या. “पर इस गर्मी में सारा दिन खाली पेट नहीं चलेगा।” वरचं पाणी नाही, घुट्टी नाही, साखरपाणी नाही, दूधच. बाटलीचा नाद सोडा. वाटीनं पाजा. मांडीवर सरळ बसतं धरायचं, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची, दूध ओठापर्यंत आणायचं आणि थांबायचं. तोंडात ओतायचं नाही, ठसका लागतो. ती जीभ काढून स्वतः घेईल.

“नहीं लिया तो?” मी विचारलं.

“तो थोड़ी देर बाद फिर।”

एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी औषध लिहून देतील.

घरी आल्यावर बायकोनं कंपनीच्या कागदावर चार ओळींचं राजीनाम्याचं पत्र लिहिलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, “शुक्रवारपर्यंत सहा, नाहीतर हे साहेबाला. लंगोट धुवायचे नाहीत, बादलीत ठेवायचे. तू काही सांगायचं नाहीस. मी मोजणार.”

तिची नोकरी गेली तर आमच्या घरात दोन बेकार आणि एक उपाशी उरणार होतो. पण पत्र घडी घालताना तिचा चेहरा मी पाहिला होता. ते पत्र तिला द्यायचं नव्हतं. ती काचेची इमारत तिनं स्वतः मिळवली होती.

सोमवारी करोल बागेतून दोन बस बदलून आई आली. रुमालाच्या गाठीत बोंडलं बांधून आणलं होतं. चांदीचं, होडीसारखं, एका बाजूला चोच. आमच्याकडे तान्ह्या बाळांना त्यानंच पाजायची रीत. चोचीजवळ एक पोचा होता.

“हा तुझा,” आई म्हणाली. “सहा महिन्यांचा असताना दात नसूनही चावलास. दूध कमी प्यायचास, गोंगाट जास्त.”

मग तिनं पाय लांब केले, नातीला पायांवर आडवी घेतली आणि जुन्या पद्धतीनं चोच तोंडात घालून दूध ओतलं. मुलीला ठसका लागला, दूध नाकातून बाहेर आलं, आणि आईच तिच्याहून जास्त घाबरली.

“आई, सरळ धरायचं. ओतायचं नाही. डॉक्टरनं सांगितलंय.”

“अरे, तुला असंच वाढवलं ना?”

“म्हणून तर मी असा झालो.”

“ते मात्र खरं,” आई म्हणाली आणि बोंडलं माझ्या हातात दिलं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार आम्ही दोघं झटत होतो. चोच ओठाला लावायची आणि थांबायचं, हे ऐकायला सोपं आहे. मला थांबता यायचं नाही. मी गाणं सुरू करायचो. आई टाळ्या वाजवायची. मी नाचायचो. मुलगी टकामका बघायची, चमचाभर घ्यायची, हसायची आणि बाकीचं माझ्या शर्टावर. बादलीत चारच्या वर आकडा जाईना. बायको रोज संध्याकाळी वाकून मोजायची, “चार,” म्हणायची आणि हात धुवायची. गुरुवारी संध्याकाळी आई थकून करोल बागेला परत गेली. जाताना म्हणाली, “उद्या तू एकटाच आहेस रे.” जणू मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी मी उठलो तेव्हा माझा घसा बसला होता. तीन दिवस गाणी, त्यात लूचे गरम वारे. तोंडातून फक्त वाफ निघत होती. बायको आठला गेली, पत्र पर्समध्येच. बादलीत तीन लंगोट होते. अकराला वीज गेली, ती जायचीच. दूध मी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवलं होतं, त्यातलं वाटीभर काढून कोमट पाण्यात धरलं. घरातली थंड जागा एकच, न्हाणीघराचा उंबरा. तिथे भिंतीला पाठ लावून बसलो, मुलीला मांडीवर सरळ धरलं, बोंडल्याची चोच खालच्या ओठाला टेकवली.

आणि पुढे काही करायला माझ्याकडे उरलंच नव्हतं. गाणं नाही, म्हैस नाही, आवाजही नाही. पंखा बंद. मी डोळे मिटले. झोपलो नव्हतो, पण जागा होतो असंही म्हणवत नाही.

थोड्या वेळानं हातातलं बोंडलं हललं. अगदी बारीक. मी डोळे उघडले. मुलीची जीभ बाहेर आली, चोचीशी आली, दूध घेऊन आत गेली. पुन्हा आली. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. समोरच्या फरशीकडे बघत, गंभीरपणे, आपल्या वेगानं पीत होती. बोंडलं संपलं की मी आवाज न करता भरत होतो. एवढे दिवस त्या पोरीला शांतपणे जेवायचं होतं आणि मी तिच्या ताटापुढे बँड वाजवत होतो.

खाली पळीनं ताट वाजलं. एक वाजला होता.

मी हललो नाही. ताट पुन्हा वाजलं. “भाईसाहब! मैडम का फ़ोन!” माझ्या मांडीला मुंग्या आल्या होत्या, पायावरून खरोखरची एक मुंगी चालली होती. मुलीनं एक क्षण जीभ थांबवली, कान दिला आणि पुन्हा प्यायला लागली. आंटीजींनी तिसऱ्यांदा ताट बडवलं आणि नाद सोडला. वाटी संपली. तासाभरानं पुन्हा पाजलं, तीनच्या सुमारास पुन्हा. तसंच, उंबऱ्यावर, न बोलता.

चार वाजले नसतील, जिन्यात धावती पावलं आली. बायकोनं किल्लीनं दार उघडलं. चेहरा पांढरा, केस वाऱ्यानं उडालेले, पर्स छातीशी धरलेली.

“फोन का नाही घेतलास? काय झालं? कुठाय ती?”

मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. मला सगळं सांगायचं होतं, जीभ, मुंगी, ताट, सगळं. वेगळा दिवस असता तर मी बोंडल्याची बादली केली असती. घशातून हवा आली. मी न्हाणीघरातल्या बादलीकडे बोट दाखवलं आणि पंजा वर केला. पाच.

ती बादलीशी वाकली. एकेक लंगोट उचलला, नाकाशी नेला, घडी आहे का पाहिलं, बाजूला ठेवला. पाचच होते. एक कमी. ती उठली, तशीच माझ्यासमोर खाली बसली आणि झोपलेल्या मुलीच्या दुपट्याखाली हात घातला. बराच वेळ हात तिथेच ठेवला.

“आणि ते पत्र?” मी कसंबसं घोगरं विचारलं.

“हा धरून सहा,” ती म्हणाली.