अर्ध्या तंबूनिशी एल्कच्या मागावर

एल्कचा टॅग लागल्याची ईमेल आली तेव्हा मी फार्मसीत कामावर होते. हातातली गोळ्यांची बाटली तशीच ठेवली, मागच्या खोलीत गेले आणि एकटीच नाचले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबर आणि टॅग म्हणजे त्यातलं एक, फक्त एक, मारायची परवानगी. कोलोरॅडोत चांगल्या डोंगरातला टॅग लॉटरीने मिळतो. दर वर्षी अर्ज करायचा, नाही लागला तर एक पॉइंट जमा होतो आणि पुरेसे पॉइंट साठले की कधीतरी नंबर लागतो. माझी मुलगी मिडल स्कूलला होती तेव्हापासून मी पॉइंट साठवत होते. आता ती कॉलेजात आहे. आणि एकदा टॅग लागला की पॉइंट शून्यावर येतात, शिकार होवो न होवो.

मी मूळची सांगलीची. अमेरिकेत प्लेनोत राहते, औषधं देते आणि शिकार करते. मंडळातल्या बायका अजूनही विचारतात, "तुला कसं गं करवतं?" बहुतेक वेळा मटणरस्सा दुसऱ्यांदा वाढून घेताना विचारतात.

सुहास, म्हणजे माझा नवरा, शिकार करत नाही. पण टॅगचं कळल्यावर म्हणाला, "मेधा, एकटी कुठे जाणार तू? मी येतो ना. फोटो काढतो, सामान कॅरी करतो. मस्त ट्रिप होईल यार." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. एल्क मारणं हे निम्मंच काम असतं. पुढे दोनशे पौंडांच्या वर मांस पाठीवरून गाडीपर्यंत उतरवायचं असतं, आणि ते वाया घालवणं हा कायद्याने गुन्हा आहे. दुसरा माणूस नसेल तर गोळी झाडायचाच विचार करू नये.

मग तंबूचा विषय निघाला. तुमच्यातले बरेच जण त्यासाठीच इथवर वाचत आलेत, म्हणून सविस्तर सांगते. उन्हाळ्यातल्या तंबूच्या आतल्या भिंती जाळीच्या असतात. ऑक्टोबरच्या शेवटी अकरा हजार फुटांवर त्या जाळीतून वारा बर्फाचा भुगा आत आणून टाकतो. त्यासाठी लागतो तो चार ऋतूंचा तंबू: भिंती कापडाच्या, बाहेरचं आवरण जमिनीपर्यंत आणि पुढे छोटी पडवी, जिथे ओले बूट काढता येतात आणि स्टोव्ह ठेवता येतो. नाव चार ऋतूंचं असलं तरी तो खरा थंडीचाच. उन्हाळ्यात आत झोपलात तर इडली होते.

मला हवा होता पिरॅमिडसारखा, चालायच्या काठ्यांवरच उभा राहणारा. हलका, दोन काठ्या असल्या की झालं. सुहासला हवा होता घुमट, ज्याला स्वतःचे पोल असतात आणि जो कुठेही आपला आपण उभा राहतो. त्याने स्प्रेडशीट केली. त्यात वजन, किंमत, वाऱ्याचा वेग सगळं होतं. मी कधी डोंगरात तंबूत झोपले आहे का आणि मला काय वाटतं, याचा कॉलम नव्हता. शेवटी त्याच्या आवडीचा घुमट आला, आणि तोही लिंबासारखा पिवळा, कारण फोटोत उठून दिसतो. वजन सात पौंड. "सात कुठे? स्प्लिट केलं की साडेतीन," तो म्हणाला. दोघांनी एक तंबू वाटून न्यायची ही नेहमीचीच रीत: एकाकडे कापड, दुसऱ्याकडे पोल. कापड आणि खुंट्या माझ्याकडे आल्या, पोल त्याच्याकडे.

प्लेनोहून पहाटे निघालो. विचिटा फॉल्स, अमरिलो, डालहार्ट करत रस्ता जातो. अमरिलोनंतर जमीन इतकी सपाट की गाडी चालतेय की जागच्या जागी उभी आहे हे कळत नाही. गॅस डालहार्टला भरून घ्या, पुढे पंप विरळ आहेत. रॅटनला हिरव्या मिरचीचं स्ट्यू खाल्लं, बारा-तेरा डॉलरला भलं मोठं वाडगं. घाट उतरून कोलोरॅडोत शिरलो आणि अलामोसाला मोटेल घेतलं. सीझनमध्ये आधी बुक करा, सगळीकडे शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्यांची गर्दी असते. वाटभर सुहास गाणी लावत होता, माझ्या टॅगचं कौतुक प्रत्येक फोनवर सांगत होता. एवढं चांगलं आमचं गेल्या कित्येक वर्षांत जमलं नव्हतं.

साउथ फोर्कच्या पुढे कच्च्या रस्त्याने पायवाटेच्या सुरुवातीला पोचलो, तर तिथे सत्तरीतलं एक अमेरिकन जोडपं. दोघांचे दोन छोटे तंबू शेजारी-शेजारी. सुहासने हसत विचारलं, "भांडण झालंय का?"

"छे," ती बाई म्हणाली. "तो घोरतो. शिवाय मला आणखी दोन दिवस राहावंसं वाटलं आणि त्याला घरी जावंसं वाटलं, तर कुणाची अडचण नको."

वर चढताना सुहास म्हणाला, "काय पण बोअरिंग कपल आहे." मीही हसले.

पहिला दिवस छान गेला. पिवळा तंबू झकास उभा राहिला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. दशम्या, दाण्याची चटणी आणि गरम मेतकूट-भात असं जेवलो. तुम्हाला सल्ला: एनर्जी बार थंडीत दगड होतात, दशमी मऊ राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या खोऱ्यात मुक्काम हलवायचा होता, कारण एल्कचे ताजे माग तिकडेच चालले होते. तंबू आवरला, ठरल्याप्रमाणे वाटून घेतला. एक मैल चाललो नाही तोच सुहासचं सुरू झालं. चढ चुकीचा आहे, बॅग चुकीची आहे, मी फार भरभर चालते. नाचता येईना अंगण वाकडं. फाट्यावर आलो तसा तो बॅग टेकवून बसला. "मेधा, मी हे एन्जॉय करत नाहीये. गुडघा पण दुखतोय. आपण खाली जाऊ या. मोटेलला हॉट टब आहे."

"अरे, टॅग आहे माझ्याकडे. परत कधी लागेल?"

"मग तू जा ना पुढे. मी थांबवलंय का? काही मिळालं तर मेसेज कर, मी येतो उचलायला."

गाडी तिथून फार तर दोन मैलांवर होती. गुडघा किती दुखत होता ते त्यालाच ठाऊक, पण उतरताना तो चांगला टणाटण चालत गेला. मी पुढे गेले. मला राग आला होता आणि रागात माणूस बॅग उघडून तपासत नाही. ही चूक माझी.

मुक्कामाच्या जागी पोचले तेव्हा बर्फ भुरभुरायला लागलं होतं. बॅग उघडली, कापड पसरलं, खुंट्या काढल्या आणि पोल शोधायला लागले. पोल कुठे असणार? ते साडेतीन पौंड नवऱ्याच्या पाठीवर बसून हॉट टबकडे गेले होते. फोनला रेंज नसते तिथे चालणाऱ्या सॅटेलाइट मेसेंजरवर लिहिलं: "तंबूचे पोल तुझ्याकडे आहेत." बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "अरेच्चा! खरंच की. आत्ता पाहिलं. सॉरी गं. उद्या सकाळी ये खाली."

घुमट तंबू पोलाविना म्हणजे नुसती गोधडी. दोन स्प्रूस झाडांमध्ये दोरी बांधली, त्यावर आवरण टाकलं आणि कडा खुंट्यांनी ठोकल्या. पिरॅमिड असता तर माझ्या हातातल्या काठ्यांवर पाच मिनिटांत उभा राहिला असता, हे मी तेव्हा मोठ्याने म्हणाले, बर्फालाच सांगितलं. आवरण बर्फाच्या वजनाने पोटावर येऊन टेकायचं, मी आतून ठोसे मारून झाडायची. उजाडेपर्यंत स्लीपिंग बॅग पिसांसकट ओली झाली होती. ओल्या बॅगेत दुसरी रात्र काढायची नसते. म्हणजे सीझन अजून बाकी होता आणि माझी शिकार त्या सकाळपुरतीच उरली होती.

आणि नेमका त्याच सकाळी तो आला. वादळ निवळलं की एल्क चरायला बाहेर पडतात. कुरणाच्या पलीकडच्या काठावर नर उभा होता, मान खाली घालून बर्फ उकरत. शिंगं अशी की मी आयुष्यात जवळून पाहिली नव्हती. अंतर माझ्या आवाक्यातलं, वारा माझ्या बाजूचा. मी आडवी झाले, रायफल बॅगेवर टेकवली, दुर्बिणीत त्याचा खांदा आला. इथेच घोडं पेंड खात होतं. मी एकटी. अंग ओलं. नवरा मैलोगणती खाली गरम पाण्यात, आणि "मी येतो उचलायला" या शब्दावर आदल्या दिवशीच्या अनुभवानंतर माझा काडीचा विश्वास नव्हता. मारला असता तर निम्मं मांस डोंगरावर कुजलं असतं. मी बोट चापावरून काढलं. तो अजून थोडा वेळ चरला आणि सावकाश झाडांत गेला. मग मी तिथेच पालथी पडून रडले.

खाली उतरले, सुहास गाडीने घ्यायला आला आणि मोटेलवर त्याने कॉफी हातात दिली. "बरं झालं आलीस. म्हटलं नव्हतं, वेदर खराब आहे?" तो मनापासून काळजीत दिसत होता. मी एल्कबद्दल बोलले नाही. परतीच्या वाटेवर त्याने पॉडकास्ट लावला. मुलीचा फोन आला, "आई, डिड यू गेट वन?" मी म्हटलं, नाही गं. पोल विसरला हे मी पोटात घातलं होतं. विसरतो माणूस. मीही तपासलं नव्हतंच.

दिवाळीच्या फराळाला आम्ही साठे काकांकडे होतो. काका निवृत्त डॉक्टर, घर मोठं, तीस-चाळीस माणसं. काकूंनी विचारलं, "काय गं मेधा, मिळालं का तुझं ते हरीण?" मी तोंड उघडायच्या आधीच सुहासने गोष्ट हातात घेतली. पार्टीत तो छान बोलतो, सगळ्यांना आवडतो.

"अहो काकू, काय सांगू! मी कारपाशी आलो, बॅग ठेवली, तर पोल्स माझ्याकडेच! म्हटलं, चला, बरंच झालं. तंबू लागणार नाही म्हणजे ही आपोआप येईल खाली. तर ही बाई येईना! कापड झाडाला बांधून राहिली!"

सगळे हसले. काका म्हणाले, "हुशार आहेस रे." 

मी चकली खाली ठेवली. "तू तर मला 'आत्ता पाहिलं' असं लिहिलं होतंस."

"अगं, तेच ते. पाच-सहा तासांनी काय फरक पडतो?"

पाच-सहा तासांत मला फाट्यावर बोलावून, दोन मैल वर येऊन पोल देता आले असते आणि पुन्हा जाऊन हॉट टबमध्ये बसताही आलं असतं. निदान मेसेज करता आला असता, मीच उजेडात खाली उतरले असते. माझी इतक्या वर्षांची वाट त्याच्यासाठी फराळासोबत सांगायचा एक किस्सा होती, हे मला त्या हसण्यात कळलं. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तर तंबू कसा निवडावा. कापड, शिवण, पडवी हे सगळं बघाच. पण आधी हे बघा की तो तुम्ही एकटीने उचलू शकता का, आणि एकटीने उभा करू शकता का. मी आता एका माणसाचा पिरॅमिड घेतलाय, काठ्यांवर उभा राहणारा. खोकं आलं तेव्हा सुहासने विचारलं, "एकाच माणसाचा? आणि मग मी?" मी म्हटलं, "तू मोटेलमध्ये छान झोपतोस." त्याला तो विनोद वाटला. पुढच्या लॉटरीचा अर्ज भरलाय. पॉइंट शून्य.

पिवळ्या तंबूचं कापड मी मागच्या अंगणात वाळवून कपाटात ठेवलंय. पोल सुहासने त्या दिवशी गाडीत टाकले ते सरकत मागच्या सीटखाली गेलेत. तो विसरलाय. रोज ऑफिसला जाताना वळणावर गाडी खडखडते. परवा म्हणाला, "काहीतरी लूज झालंय गं, सस्पेन्शन असेल. शनिवारी मेकॅनिककडे टाकतो. पैसे जाणार बहुतेक."

काय वाजतंय ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी चहा ढवळत म्हटलं, "हो, नेऊन आण." त्यालाही कळेल आपोआप.