पाठ न करायचे शब्द

मी पहिलीच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. 'स्पेलिंग पाठ करा' हे वाक्य माझ्या वर्गात शिवीसारखं आहे, असं मी बरेच दिवस समजत होते.

पनवेलमधली आमची शाळा इंग्रजी माध्यमाची, पण मुलांच्या घरात इंग्रजी फक्त औषधाच्या बाटलीवर आणि वीजबिलावर. तिथे वर्षानुवर्षं चाललेली पद्धत म्हणजे सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. सुरात म्हणायचं, माना हलवायच्या. मांजर पाठ झालं की पुढचा प्राणी. फळ्यावर कॅटच्या ऐवजी मॅट लिहिलं की अख्खा वर्ग चिडीचूप. मला या प्रकाराची मनस्वी चीड आहे. 'कमळ' हा शब्द कुठलंही मराठी मूल पाठ करत नाही. क, म, ळ हे आवाज ओळखीचे झाले की लिहून मोकळं होतं. मग इंग्रजीनेच काय घोडं मारलंय? भाषा लबाड आहे, कबूल. पण तिचे छोटे शब्द तरी सरळ वागतात. तिथून सुरुवात करायची. अक्षराचं नाव मागाहून, आधी त्याचा आवाज. 'एस' म्हणायचं नाही, 'स्स्स' म्हणायचं आणि हाताने साप करून दाखवायचा. आवाज एकमेकांना जोडले की शब्द झाला. याला फोनिक्स म्हणतात.

पालक वैतागले. एका वडिलांनी मला गेटवर गाठलं. "टीचर, पोरगा ए-बी-सी-डी इसारला आनि दिवसभर नुसता फुसफुस करतो. डॉक्टरला दाखवू का तुमीच शिकवलाय?" मी म्हटलं, मीच शिकवलंय, डॉक्टरचा खर्च वाचला.

प्रिन्सिपल बाईंनी मला जानेवारीअखेरपर्यंत मुदत दिली. मुदत संपली की त्या स्वतः वर्गात येऊन डिक्टेशन घालणार होत्या. शब्द पुस्तकाबाहेरचे, मलासुद्धा आधी न सांगितलेले. मुलांना जमलं तर ही पद्धत तिसरीपर्यंत जाणार, नाही जमलं तर पुन्हा मांजर.

माझा सगळा जीव एका मुलीत अडकला होता. तिची आई पनवेलच्या बाजारात मासळी विकते. कुटुंब मूळचं गव्हाण गावाकडचं, आता करंजाड्याला राहतं. मुलगी आधीच्या शाळेत पाठांतराला कंटाळून गप्प झालेली. स्पेलिंग म्हणायला उभी केली की अक्षरांची भेळ करायची आणि मग रडायची. तिच्या आईने पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "टीचर, आमचे घरान कोनाला इंग्लिश येत नाय. तिला कोन सांगनारा नाय. तिचा तिला वाचता आला पायजे." माझ्या पद्धतीची याहून चांगली व्याख्या मी कुठल्या प्रशिक्षणात ऐकलेली नाही. दिवाळीच्या सुमाराला ती मुलगी न शिकवलेला शब्द स्वतः जोडून वाचू लागली. वाचून झालं की आपणच दचकायची, आणि मग हसायची.

या सगळ्यात माझ्या बरोबरीने उभी होती ती शेजारच्या तुकडीची शिक्षिका. माझ्यापेक्षा बरीच लहान, मला ताई म्हणायची. शाळा सुटली की आम्ही एकाच रिक्षाने निघायचो. मी आधी उतरायचे, ती पुढे करंजाड्याला जायची. दुपारी माझ्याशेजारी बसून तिने आवाजांची चित्रं रंगवली. स्टाफरूममध्ये कोणी फुसफुशीची नक्कल केली की माझ्याआधी तीच भांडायची. माझ्या धाकट्या बहिणीचंही मी इतकं ऐकलं नसेल. घरी ती शिकवणी घेते हे मला ठाऊक होतं. मोठी मुलं असतात म्हणाली, मी पुढे विचारलं नाही.

डिक्टेशनच्या दिवशी प्रिन्सिपल बाई कडक साडी नेसून आल्या. मी बाकांच्या मधून फिरत होते, कोणी कोणाचं बघू नये म्हणून. पहिले काही शब्द झाले. मुलं भराभर लिहीत होती. माझ्या छातीवरचं ओझं उतरत चाललं होतं. बाई म्हणाल्या, "ड्रम." तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला आणि त्या बोलत दाराबाहेर गेल्या.

मी त्या मुलीच्या बाकाशी उभी होते. तिने ड्रम लिहिलं. मग खालच्या ओळीवर फ्रॉग लिहिलं. शेजारच्या मुलानेही लिहिलं. मी मागच्या बाकाकडे पाहिलं, तिथेही फ्रॉग. एका शूराने तर त्याच्याही पुढचा शब्द लिहून पेन्सिल खाली ठेवली होती. बाई आत आल्या, मोबाईल पर्समध्ये टाकला आणि वर्गाकडे बघून म्हणाल्या, "नेक्स्ट. फ्रॉग."

हसावं की रडावं कळेना. शब्द उच्चारायच्या आधीच वर्गाने तो लिहून ठेवला होता. इतकी हुशार मुलं महाराष्ट्रात दुसरीकडे नसतील. बाईंनी वह्या गोळा केल्या, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला जवळ घेतलं आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "हे शब्द तुला आधी कोणी दिले?" तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. व्हरांड्यातून जाणाऱ्या माझ्या त्या मैत्रिणीकडे बोट करून म्हणाली, "टुशनच्या टीचरनी. आमी सगली जातो. तुमाला सांगू नका बोलल्या, तुमाला वाईट वाटल." आम्ही सगळी म्हणजे जवळजवळ माझा सगळा वर्ग. दिवाळीनंतर एकेक करून तिकडे गेलेला. तिची आईसुद्धा मला दर आठवड्याला बाजारात भेटायची, आणि भेटली की हसून फक्त "बरी हाव ना टीचर" म्हणायची.

त्या दिवशी रिक्षात मी विषय काढला. माझी मैत्रीण दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, "ताई, तुमच्यासाठीच केलं. पोरं नापास झाली असती तर तुमचंच नाक कापलं गेलं असतं."

"शब्द तुला कोणी सांगितले?"

"प्रिन्सिपल मॅडमनी. तयारी करून घ्या म्हणाल्या. आपल्याकडे तयारीशिवाय कुठलं इन्स्पेक्शन झालंय?"

हे मात्र तिचं खरं होतं. आमच्याकडे पाहुणा काय विचारणार ते आधी त्यालाच विचारून घेतात, मग मुलांकडून घोकून घेतात, आणि पाहुणाही थक्क झाल्याचं सोंग छान करतो. पण ही चाचणी पाहुण्यासाठी नव्हतीच. मुलांना येतं का, एवढंच मला कळायला हवं होतं. मी तिला विचारलं, "तुझा तरी या पद्धतीवर विश्वास आहे का?"

ती म्हणाली, "वर्गात ठीक आहे हो ताई. गंमत वाटते मुलांना. पण शेवटी पाठ केल्याशिवाय येतं का काही?"

मी माझ्या स्टॉपच्या आधीच उतरले. उन्हात चालत घरी गेले आणि वाटेत मोठ्याने तिला नावं ठेवली. केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते तोवर मी मुलांना नुसतं वाक्यात उपयोग करायला सांगत होते. परकं माणूस वैर करतं ते परवडतं. ही माझ्याशेजारी बसून साप रंगवत होती, आणि संध्याकाळी घरी जाऊन त्याचे दात काढत होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपल बाईंसमोर उभी राहिले आणि स्पष्ट सांगितलं की कालचं डिक्टेशन खोटं होतं, नव्या शब्दांचं पुन्हा घ्या. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. प्रवेश सुरू व्हायचे होते आणि गेटवर 'येथे फोनिक्स शिकवले जाते' असा फलक आदल्या संध्याकाळीच लागला होता. "निकाल चांगला आलाय, तो तुमचाच आहे. उगाच खोदत का बसता?" मग म्हणाल्या, पुढच्या वर्षी तिन्ही इयत्तांचं फोनिक्स शेजारच्या तुकडीच्या टीचर बघतील, पालकांचा त्यांच्यावर विश्वास आहे, तुम्ही चौथीचं परिसर अभ्यास घ्या, तुमची दगदग कमी होईल. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर मलाच विश्रांती.

वर्ष संपत आलं तेव्हा एका दुपारी ती मुलगी व्हॅनची वाट बघत वर्गात बसली होती. मला राहवेना. दिवाळीत जे येत होतं ते थोडं तरी उरलं आहे का, एवढंच बघायचं होतं. मी फळ्यावर 'लँप' लिहिलं. सोपा शब्द, कधी न शिकवलेला. "वाच बघू."

ती उभी राहिली. एकेक आवाज काढला, प्रत्येक आवाजाबरोबर हाताची खूण केली. एकही चूक नाही. शेवटचा आवाज संपल्यावर हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "हं, मग?"

"झाले ना आवाज," ती म्हणाली. "आता शब्द कंचा ते सांगा. मंग मी पाठ करते."

मी म्हटलं, जोड की गं, तुला येतं. ती माझ्याकडे तशीच बघत राहिली, आज्ञाधारक, थोडी घाबरलेली. टुशनमध्ये असंच असणार. आधी आवाज, मग टीचर शब्द सांगणार, मग पाठांतर. बाहेर व्हॅनचा हॉर्न वाजला. तिने दप्तर उचललं, पण ती जाईना. शब्द मिळाल्याशिवाय जायचं कसं, असा तिचा चेहरा. तिच्या घरी तिला तो सांगणारं कोणी नव्हतं.

मी तो सांगितला. ती "एल ए एम पी लँप, एल ए एम पी लँप" असं म्हणत, मान हलवत जिना उतरून गेली.